उद्या येऊन बसवतो

गावात त्याला फ्यूजबुवा म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. त्याचा धंदा होता घरावर सौरऊर्जेची वीज बसवून देण्याचा. गावाच्या वरच्या अंगाला, उतारावर नवी घरं उठली होती. तिथपर्यंत विजेचे खांब पोचले नव्हते आणि पोचण्याची लक्षणंही नव्हती. तेव्हा ज्याला दिवा हवा, पंखा हवा, त्याने फिटरला हाक मारायची. फिटर यायचा, छतावर चढायचा, सूर्य कुठून कुठे जातो ते हाताच्या पंजाने मोजायचा आणि कामाला लागायचा. काम चोख. फक्त जिथे एका फ्यूजवर भागेल तिथे हा दोन लावणार, जी तार एका चिमट्यात बसेल तिला तीन चिमटे मारणार, आणि सगळं झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून प्रत्येक स्क्रू पिळून बघणार. "हा सासुरवाडीला जातानाही स्वतःला फ्यूज लावून जात असेल," असं लोक म्हणायचे आणि हसायचे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात; हा पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. पण तोंड कुठे पोळलं, ते कुणी त्याला विचारलं नव्हतं.

पोळलं होतं तीन वर्षांपूर्वी, भर दुपारी.

काम संपत आलं की घरमालक हमखास एक वाक्य बोलतो. हात पुसत, बटणाकडे कौतुकाने बघत विचारतो, "सगळं झालं ना?" साधा प्रश्न. दाढी करून झाल्यावर न्हावीही आरसा धरून तेच विचारतो. पण फिटरच्या कानावर ते शब्द पडले की नाकात जळक्या रबराचा वास भरायचा. मग तो बॅटऱ्यांच्या खोलीचं दार पुन्हा उघडून बघायचा, आणि तिथे, बॅटऱ्यांच्या मांडणीशेजारी, चष्मा कपाळावर सरकवलेला एक उंच माणूस उभा असायचा. बोलायचा काही नाही. कागदाची गुंडाळी काखेत धरून वाट बघत असायचा. फिटर डोळे मिटून दहापर्यंत आकडे मोजायचा. उघडले की खोलीत नुसत्या बॅटऱ्या.

तो माणूस म्हणजे नकाशेदादा. मोजणीच्या कचेरीत जन्मभर जमिनीचे नकाशे काढून निवृत्त झालेला. धाकटी बहीण आणि तो, दोघंच राहायचे उतारावरच्या तिसऱ्या घरात. दोघांचीही लग्नं झाली नव्हती. बहीण कपडे शिवायची आणि लोक तिला नुसतं ताई म्हणायचे. तिचं शिवण इतकं नेटकं, की शिवलेला कपडा उलटा घातला तरी चारचौघांत खपून जावा.

फिटरने त्यांच्याकडे चार पॅनल बसवले, दाराशेजारच्या लहान खोलीत चार बॅटऱ्या मांडल्या, भिंतीवर इन्व्हर्टर टांगला. नकाशेदादा पूर्ण वेळ मागे उभा राहून बघत होता. प्रत्येक वस्तूचं नाव विचारायचा आणि आपल्या कागदावर ती जागच्या जागी काढायचा. छत, छतावरून उतरणारी तार, चार्ज कंट्रोलर, बॅटऱ्या, इन्व्हर्टर, शेवटी घरातला एकेक दिवा. शाईच्या बारीक, सरळ रेघा. बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये फ्यूजचा डबा यायला हवा होता. तो त्या दिवशी पेटीत नव्हता. दुकानदार पाठवायचा विसरला होता.

"सगळं झालं ना?" संध्याकाळी नकाशेदादाने विचारलं.

"झालंच म्हणा. एक लहानसा डबा राहिलाय. उद्या येऊन बसवतो. तोवर वापरायला हरकत नाही."

"उद्या नक्की?"

"नक्की."

नकाशेदादाने कागदावर त्या जागी एक चौकोन काढला, तुटक रेषेचा.

डबा चार दिवसांनी आला. तोवर फिटर नदीपलीकडच्या एका वसतिगृहाच्या मोठ्या कामात अडकला होता. मग पत्नीचं आजारपण निघालं. मग आणखी एक काम. एकदा नकाशेदादा बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "फिटर, आमचा चौकोन रिकामाच आहे." फिटरने कपाळावर हात मारला, "येतोच या आठवड्यात." काम अडलेलं नव्हतं, दिवे लागत होते, पंखा फिरत होता. जे अडत नाही ते माणूस पुढे ढकलतो. असे चार महिने गेले.

एका दुपारी उतारावरून धूर निघाला.

ताई त्या वेळी शिवलेले कपडे द्यायला खाली गेली होती. नकाशेदादा आतल्या खोलीत आडवा झाला होता. घराला दार एकच, आणि त्या दाराशेजारीच बॅटऱ्यांची खोली. लोक पाण्याच्या बादल्या घेऊन धावले, मागची खिडकी फोडली, पण धुराने आपलं काम आधीच उरकलं होतं.

दुसऱ्या दिवशी फिटर तिथे गेला. चौकशीचा साहेब आला होता, दहावीस माणसं उभी होती, त्यांच्यामागे हा उभा राहिला. छप्पर खाली बसलं होतं. भिंतीच्या फटीतून त्याला बॅटऱ्यांची लोखंडी मांडणी दिसली, आणि मांडणीच्या कडेवर तांब्याचे मणी दिसले. वितळून पुन्हा गोठलेले, लालसर, डाळीएवढे. त्याला कुणी काही सांगायची गरज नव्हती. लाल आणि काळी, दोन्ही तारा त्याने त्याच कडेवरून वळवल्या होत्या. बॅटऱ्यांत पाणी घालायला नकाशेदादा महिन्याच्या महिन्याला त्या पुढे ओढत असणार. दर खेपेला तारा कडेवर घासल्या. सालं निघाली. दोन्ही तारा एकाच लोखंडाला टेकल्या, आणि चार बॅटऱ्यांचा सगळा जोर एका क्षणात त्या तारेतून धावला. मध्ये फ्यूज असता तर टक् असा आवाज होऊन घरातले दिवे गेले असते. बस, एवढंच झालं असतं.

साहेबाने मात्र मांडणीकडे पाहिलंही नाही. त्याला शिवणाच्या टेबलावर काळी पडलेली इस्त्री सापडली होती. ती काठीने ढोसत त्याने विचारलं, "ही चालू राहिली होती का?"

ताईने इस्त्रीकडे बघितलं. "आठवत नाही," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "असेल."

साहेबाने लिहून घेतलं.

फिटरच्या जिभेवर शब्द आले होते. पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला सारायचं, इतकंच बाकी होतं. त्याने हात उचललाही. मग तोच हात खिशात घातला आणि तो उतार उतरून घरी आला.

तेव्हापासून बारा ते दोन ही वेळ त्याला खायला उठायची. ऊन डोक्यावर आलं, पॅनल तापले, इन्व्हर्टरची घुरघुर चढली, की तो ज्या घरात असेल तिथून बाहेर यायचा आणि रस्त्याच्या कडेला, सावलीसुद्धा न शोधता उभा राहायचा. लोकांना वाटायचं, डबा खायला गेला. त्याचा डबा बहुतेक दिवस तसाच परत जायचा. बायको विचारायची, "अहो, भाजी बिघडली होती का?" तो म्हणायचा, "भूक नव्हती." ती दवाखान्यात आजाऱ्यांची देखभाल करणारी बाई. भूक नसलेली माणसं तिने पुष्कळ पाहिली होती. पण तिने खोदून विचारलं नाही.

तीन वर्षांनी एक तरुण मुलगी त्याच्या दुकानात आली. शाळेत शिकवायची. म्हणाली, "आम्ही वरच्या वाडीच्या टोकाला राहायला आलोय, मी आणि माझी मावशी. लाईट नाही. सोलर बसवायचंय."

फिटर वही घेऊन गेला. दोन खोल्यांचं घर, पत्र्याचं छत, दक्षिणेला मोकळं. काम सोपं होतं. तो ओट्यावर बसला आणि नेहमीची यादी विचारू लागला, कारण घरात काय काय चालणार ते कळल्याशिवाय किती पॅनल आणि किती बॅटऱ्या, हे ठरत नाही.

"दिवे?"

"पाच."

"पंखे?"

"दोन. आणि लहान फ्रिज. मोबाईल, लॅपटॉप."

"मिक्सर, इस्त्री?"

"मिक्सर लिहा. इस्त्री नको. आमच्या घरात इस्त्री नसते." मुलीने आवाज खाली आणला. "मावशी येऊ देत नाही. कुणी उसनी आणली तरी घराबाहेर निघून जाते. पूर्वी शिवायची ती, इतकं सुंदर शिवायची. आता सुईसुद्धा हातात धरत नाही."

फिटरची पेन्सिल थांबली. तेवढ्यात आतून पाण्याचा तांब्या घेऊन मावशी बाहेर आली. केस पांढरे झाले होते. तिने तांब्या त्याच्यासमोर ठेवला, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्हीच ना? आमच्याकडे तुम्हीच बसवलं होतं."

"हो, ताई."

"दादाला तुमचं काम आवडलं होतं," ती म्हणाली आणि आत गेली.

आरोप केला असता तर बरं झालं असतं, असं फिटरला वाटलं. पाणी न पिताच तो उठला. "पॅनलचा माल यायचाय, कळवतो," असं काहीतरी मुलीला सांगून चालू लागला. रस्त्यात ऊन होतं आणि त्याच्या मागून कुणीतरी चालत होतं, मापात, एकसारखं पाऊल टाकत, जमीन मोजणारी माणसं चालतात तसं. त्याने मागे वळून बघितलं नाही.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. फ्यूजचा राहिलेला डबा, तुटक चौकोन, तांब्याचे मणी, खिशात घातलेला हात. ती भांडी विसळत होती. ऐकता ऐकता तिने नळ बंद केला.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "माझं घर थोडंच जळलं?"

"ती मला उभं करणार नाही."

"नका राहू उभे. बसून सांगा. पण सांगा. ती बाई तीन वर्षं स्वतःला भावाची मारेकरीण समजतेय, आणि तुम्ही इथे फ्यूजवर फ्यूज लावत बसलाय."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वर गेला. मुलगी शाळेत गेलेली, ताई ओट्यावर एकटीच बसलेली. तो समोर जमिनीवर बसला आणि त्याने सांगितलं. वाटेत जुळवलेली वाक्यं एकही कामी आली नाहीत. तो मध्येच बॅटरीचं सांगायचा, मध्येच वसतिगृहाचं, मग पुन्हा मागे यायचा. ताईने त्याला एकदाही अडवलं नाही.

शेवटी तिने विचारलं, "इस्त्रीने ती तार तापली नसेल?"

"नाही ताई. इस्त्रीचा भार ती तार सहज पेलायची. मीच तुम्हाला म्हणालो होतो, दुपारच्या उन्हात खुशाल लावा. तारा घासून उघड्या पडल्या. तिथे वितळलेलं तांबं मी या डोळ्यांनी पाहिलंय. इस्त्री चालू होती की बंद, ते मला सांगता येणार नाही. पण आग तिने लागली नाही."

"दादाने तो चौकोन शाईने भरला नव्हता," ती म्हणाली. तिचं लक्ष कुठेतरी दुसरीकडेच होतं. "मी त्याला म्हटलं होतं, भरून टाक की, कागद अपुरा दिसतो. तर म्हणाला, जे जागेवर नाही ते मी काढत नसतो."

मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं.

"साहेबांनी विचारलं, तेव्हा तुम्ही तिथे होतात?"

"होतो."

"मी 'असेल' म्हटलं, ते ऐकलंत?"

"ऐकलं."

ताई उठली. "डबा राहिला ते मी समजू शकते," ती म्हणाली. "माणूस विसरतो. मीही कपड्यात टाचणी विसरलेय कधी. पण तुम्ही ऐकलंत आणि घरी गेलात? घरी जाऊन जेवलात?" तिचा आवाज चिरकला. "जा. आत्ता जा इथून."

तो गेला.

बारा दिवस काहीच घडलं नाही. तेराव्या दिवशी ती मुलगी दुकानात आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "मावशी म्हणते, चौकशीवाल्या साहेबांच्या कचेरीत चला. जे तिला सांगितलंत ते तिथे सांगा."

कचेरीत आता दुसरा साहेब होता. जुनी फाईल शोधायलाच त्याला दोन तास लागले. फिटरचं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "तीन वर्षांनी कशाला उकरता? तुमचा परवाना जाईल, एवढंच होईल."

"लिहा," ताई म्हणाली.

साहेबाने फिटरकडे पाहिलं. फिटर म्हणाला, "लिहा साहेब."

लिहिलं गेलं. फिटरने सही केली. जुन्या कागदावरची इस्त्री खोडता येत नव्हती, पण खाली नवा मजकूर जोडता येत होता. तो जोडून साहेबाने ताईला वाचून दाखवला. तिने तो पुन्हा एकदा वाचायला लावला. फिटरचा परवाना वर्षभरासाठी गेला. गावात बोलणी झाली. दोनचार गिऱ्हाइकांनी त्याने बसवलेलं सगळं दुसऱ्याकडून तपासून घेतलं. कुठेच काही चूक निघाली नाही, पण म्हणून कुणी त्याला नमस्कार केला असंही नाही. फ्यूजबुवा हे नावही बंद झालं. त्यातली गंमतच गेली होती. तो एका शेतीपंपांच्या दुकानात मोटारी दुरुस्त करायला लागला.

पुढच्याच महिन्यात ताईचा निरोप आला. या वेळी त्याचे पायच उचलेनात. बायकोने ढकलून पाठवलं.

वाडीच्या टोकाच्या त्या घरी शेजारच्या गावचा एक फिटर आला होता. छतावर पॅनल चढले होते. ओट्यावर बाकीचं सामान मांडलेलं होतं. ताई खुर्ची टाकून बसली होती.

"बसवणार हे," तिने दुसऱ्या फिटरकडे बोट दाखवलं. "तुम्ही कशाला हात लावायचा नाही. मी एकेक वस्तू उचलेन. ती काय करते आणि ती नसली तर काय होतं, ते मला सांगायचं. मला समजेपर्यंत."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. ताईने कंट्रोलर उचलला.

"हा पॅनलची वीज बॅटरीत मापाने सोडतो. पोट भरलं की बंद करतो. हा नसला तर बॅटरी उकळेल, फुगेल, आणि रात्री तीच वीज उलटी पॅनलकडे पाझरेल."

"आणि बॅटऱ्या?"

"दिवसाची वीज रात्रीसाठी राखून ठेवतात. या नसल्या तर सूर्य मावळला की अंधार. यांना वारा हवा, खिडकी हवी. आणि ताई, यांची खोली दाराजवळ नको."

दुसऱ्या फिटरने मान वर केली. "मी ती दाराजवळच धरली होती," तो म्हणाला. ताईने त्याच्याकडे बघितलं. खोली बदलली.

इन्व्हर्टर झाला. बॅटरीची वीज घरच्या उपकरणांना चालेल अशी करून देतो. मेन स्विच झाला. काहीही बिघडलं, तरी एका हाताने सगळं तोडता यावं म्हणून. जमिनीत ठोकायची अर्थिंगची सळई झाली. मग ताईने फ्यूजचा डबा उचलला. तळहातावर मावेल एवढा. तिने तो त्याच्यासमोर धरला आणि काहीच विचारलं नाही.

दुसरा फिटर काम थांबवून बघू लागला. ऊन ओट्याच्या पायरीवर आलं होतं. फिटरला वाटलं, ताईच्या खुर्चीमागे तो उंच माणूस येऊन उभा राहिलाय, आणि तोही ऐकतोय.

"हा आधी जळतो," शेवटी तो म्हणाला. "म्हणजे बाकी काही जळत नाही. हा नसला तर..." आणि तिथे त्याला रडू फुटलं. तोंडावर हात धरायचंही भान राहिलं नाही. लहान मूल रडतं तसा तो रडला.

ताईने त्याची समजूत घातली नाही. त्याचं रडणं ओसरल्यावर म्हणाली, "वाक्य पुरं करा."

"हा नसला तर माणूस मरतो."

तिने डबा दुसऱ्या फिटरच्या हातात दिला. "पहिला हा बसवा."

दुपारी काम थांबलं. दुसरा फिटर झाडाखाली जेवणाचा डबा सोडून बसला. मुलगी शाळेतून आली होती, तिने चहा आणला. फिटरने कप हातात घेतला, पण त्याला जायचं होतं, आणि निघावं कसं ते कळत नव्हतं.

"दादा तुम्हाला दिसतो का?" ताईने एकदम विचारलं.

फिटर दचकला. "हो."

"कसा दिसतो?"

"उभा असतो. चष्मा वर. काखेत कागद. गंभीर. वाट बघत असतो."

"म्हणजे तुम्हाला तो माहीतच नाही." ताईच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हललं. "गंभीर? तो? अहो, एक नंबरचा लबाड माणूस. रोज रात्री जेवण झालं की माझ्याशी पत्ते खेळायचा आणि रोज लबाडी करायचा. ती धड जमायचीही नाही. बाहीत पान लपवायचा आणि कान लालभडक व्हायचे. मी म्हणायची, दादा, बाही झटक. तर म्हणायचा, सरकारी माणसाची झडती घ्यायला तुझ्याकडे परवानगी आहे का?"

मुलगी हसली. तिने ही गोष्ट पूर्वी कधी ऐकली नव्हती. मावशीने तीन वर्षांत मामाचं नावही काढलं नव्हतं.

"आणि कुत्र्यांना घाबरायचा," ताई सांगत राहिली. "मोजणीला जायचा तेव्हा खिशात पोळीचे तुकडे असायचे, लाच द्यायला. शिट्टी वाजवता यायची नाही. पन्नाशीत शिकायला बसला, आठ दिवस माझं डोकं उठवलं, आणि आलं काय, तर नुसती हवा."

फिटर कप हातात धरून ऐकत होता. चहा निवून गेला. ताई बोलताना मध्येच थांबायची, कुठेतरी बघायची, मग पुन्हा सुरू व्हायची. मुलीने हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"पत्त्यांत काय खेळायचे ते?" फिटरने विचारलं.

ताईने डोळे पुसले. "बसा," ती म्हणाली, "सांगते."